थ्री नॉट थ्रीच्या जागी काय? भारताने एसएलआर निवडली त्याची गोष्ट

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधल्या रेझांग ला इथे १३ कुमाऊंची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली चिनी सैन्याशी शेवटच्या गोळीपर्यंत लढली. सुमारे १२० जवानांपैकी ११४ तिथेच कामी आले. हिवाळा सरता सरता माणसं तिथवर पोचली, तेव्हा कित्येकांचे देह खंदकात गोठलेले सापडले, हातातली हत्यारं तशीच. त्या हत्यारांत सर्वाधिक होती ती ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेली थ्री नॉट थ्री.

ही रायफल वाईट नव्हती. दोन महायुद्धांत तिने नाव कमावलं होतं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती कित्येक दशकं बनत होती आणि तिच्याइतकी विश्वासू रायफल क्वचितच कुणाच्या हाती आली असेल. पण प्रत्येक गोळीनंतर हात चापावरून काढायचा, बोल्टची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची, आणि मग पुन्हा नेम धरायचा. सराव झालेला जवान मिनिटाला नेम धरून पंधरा गोळ्या झाडतो. सोळा हजार फुटांहून उंचावर, बोटं बधिर झालेली असताना आणि माणसांच्या लाटा अंगावर येत असताना, त्या चार हालचाली किती लांबत असतील याचा विचार करावा. दहा गोळ्या संपल्या की पाच-पाचच्या दोन क्लिप वरून दाबून मॅगझीन भरायचं, ते वेगळंच.

समोर चिनी सैन्याच्या बऱ्याच तुकड्यांकडे सोव्हिएत एसकेएस रायफलीवरून बनवलेली टाइप ५६ कार्बाइन होती. तीही दहाच गोळ्यांची, पण चाप ओढला की पुढची गोळी आपोआप नळीत. काहींकडे एके-४७ची चिनी आवृत्ती होती.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो. १९६२चा पराभव रायफलीमुळे झाला असं माझं म्हणणं नाही. रस्ते नव्हते, थंडीचे कपडे नव्हते, तोफा पुढे पोचल्या नव्हत्या, आणि वरून आलेले हुकूम जमिनीवरच्या परिस्थितीशी जुळत नव्हते. आजच्या अरुणाचलमधल्या नामका चू नदीकाठी सुती गणवेशात उभ्या केलेल्या जवानाच्या हाती जगातली उत्तम रायफल दिली असती तरी निकाल बदलला नसता. तरीही पायदळाच्या जवानाच्या हाती काय असावं हा प्रश्न त्या हिवाळ्यात टाळता येईना. या लेखात तेवढं एकच प्रकरण घेतलं आहे: एसएलआर ही पूर्ण ताकदीची, अर्धस्वयंचलित (चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप नळीत), भरवशाची रायफल देशाने कशी निवडली, आणि ती निवड कितपत बरोबर ठरली.

निवडीआधीची निवड

रायफल निवडताना लोक रायफलीकडे बघतात. आधी बघायचं असतं काडतुसाकडे. काडतूस ठरलं की नळी, बोल्ट, मॅगझीन, वजन, जवानाच्या पाठीवरचं ओझं आणि देशातल्या दारूगोळा कारखान्यांची यंत्रं हे सगळं ठरून जातं.

थ्री नॉट थ्रीची गोळी साधारण ११.३ ग्रॅमची. ती सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास वेगाने सुटते, म्हणजे नळीच्या तोंडाशी ३,१०० जूलच्या आसपास ऊर्जा. नाटो देशांनी १९५४ मध्ये प्रमाण ठरवलेलं ७.६२ बाय ५१ मिमीचं काडतूस तेवढंच किंवा थोडं जास्त ताकदीचं होतं: साडेनऊ ग्रॅमच्या आतबाहेरची गोळी, वेग ८४० मीटरच्या घरात, ऊर्जा ३,३०० जूलच्या आसपास. ‘पूर्ण ताकदीचं’ म्हणतात ते हे. एसकेएस आणि एके-४७ यांचं ७.६२ बाय ३९ मिमीचं काडतूस आखूड, साधारण २,००० जूलचं. नावात दोन्हीकडे ७.६२ असलं तरी एकाचं काडतूस दुसऱ्यात बसत नाही.

लहान काडतुसाचे फायदे उघड होते. पूर्ण ताकदीचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, लहान १६-१७ ग्रॅमचं. शंभर गोळ्यांमागे पाऊण किलोचा फरक, आणि डोंगर चढणाऱ्याला पाऊण किलो कळतो. धक्का कमी, रायफल आखूड. पण हिमालयात या धारेवरून त्या धारेवर मारायचं असतं. तीनशे मीटरच्या पुढे लहान गोळी झपाट्याने मंदावते आणि खाली येते, मोठी गोळी सहाशे मीटरवरही दम राखून असते. शिवाय आपलं सैन्य एकेक गोळी नेमाने झाडण्याच्या शिस्तीत वाढलेलं. तुटपुंजा दारूगोळा खेचरांच्या आणि माणसांच्या पाठीवर वर चढवणाऱ्या सैन्याला ती शिस्त सोडणं परवडणारं नव्हतं.

म्हणून ७.६२ बाय ५१ ठरलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. याची फळं पुढे साठ वर्षं मिळाली.

हाताशी असलेले पर्याय

या काडतुसाच्या अर्धस्वयंचलित रायफली त्या काळात मोजक्याच होत्या.

अमेरिकेची एम-१४ ही १९५७ मध्ये स्वीकारलेली, जुन्या गॅरँड रायफलीची पुढची पिढी. नेम उत्तम, हाताळणी ओळखीची. पण तिच्या उत्पादनात अडचणी आल्या, खर्च वाढला आणि १९६३ मध्ये खुद्द अमेरिकेनेच नवी मागणी थांबवली. ज्या रायफलीला तिचा मूळ देशच सोडायला निघाला आहे, तिच्यावर नवा कारखाना उभा करणं धोक्याचं.

पश्चिम जर्मनीची जी-३ निराळ्या तत्त्वाची. तिच्यात गॅसचा दट्ट्याच नाही. बोल्टच्या डोक्यातले दोन रोलर त्याला क्षणभर रोखून धरतात. पत्रा दाबून बनवलेली, म्हणून स्वस्त आणि दणकट. पुढे पाकिस्तानने हीच निवडली आणि वाह इथल्या कारखान्यात परवान्याने बनवली. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना काडतूस एकच आणि रायफली दोन वेगळ्या घराण्यांच्या, अशी स्थिती झाली.

तिसरी बेल्जियमची एफएएल. लिएजजवळच्या हर्स्टाल गावातल्या फाब्रीक नासिओनाल, म्हणजे एफएन या कंपनीत द्योदोने सेव्ह यांनी ती घडवली. मूळ आराखडा लहान काडतुसाचा, नाटोचं प्रमाण ठरल्यावर मोठ्या काडतुसासाठी वाढवलेला. ब्रिटनने ती १९५० च्या दशकात एल१ए१ नावाने घेतली, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडानेही घेतली. पुढे नव्वदच्या आसपास देशांनी ती वापरली. कवायती, सराव आणि दुरुस्तीची पुस्तकं या बाबतीत आपलं सैन्य ब्रिटिश वळणाचं असल्यामुळे ही रायफल जवळची वाटणं साहजिक होतं.

पण तेवढ्यावर निवड झाली असं मला वाटत नाही. एफएएलमध्ये एक भाग असा होता जो थेट आपल्या गरजेला उत्तर देत होता. त्याच्यावर थोडं थांबतो.

नळीवरची ती कडी

गोळी नळीतून पुढे जाताना तिच्यामागे तापलेल्या गॅसचा प्रचंड दाब असतो. नळीला वरच्या अंगाला एक बारीक छिद्र. त्यातून थोडा गॅस वर येतो, एक छोटा दट्ट्या मागे ढकलतो, दट्ट्या बोल्ट कॅरिअरला, म्हणजे बोल्टला सोबत घेऊन मागेपुढे सरकणाऱ्या भागाला ठोसा देतो आणि लगेच स्प्रिंगने जागेवर परत येतो. कॅरिअर मागे जाताना बोल्टचं शेपूट उचलतं, कुलूप सुटतं, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. मागची स्प्रिंग सगळं पुढे ढकलते आणि नवी गोळी नळीत बसते.

आता गॅस कमी पडला तर बोल्ट अर्ध्यातच परततो आणि पुंगळी अडकते. जास्त झाला तर सगळे भाग आपटून झिजतात, तुटतात. किती गॅस हवा हे थंडी, धूळ, तेल, कार्बनची काजळी आणि काडतुसाची प्रत यांवर रोज बदलतं.

एफएएलच्या नळीवर, पुढच्या लाकडाच्या टोकाशी, आकडे कोरलेली एक फिरती कडी असते. ती नको असलेला गॅस बाहेर सोडून देते. जवानाला शिकवतात ते असं: कडी पूर्ण उघडी ठेव, मॅगझीनमध्ये एकच गोळी घाल, झाड. बोल्ट मागे जाऊन अडकला नाही, तर कडी एक घर बंद कर आणि पुन्हा झाड. असं करत करत बोल्ट दर वेळी मागे अडकू लागला की तिथून आणखी दोन घरं बंद कर. ती तुझ्या रायफलीची आजची जागा. उद्या बर्फात गेलास किंवा चार दिवस साफ करायला वेळ मिळाला नाही, तर एक घर आणखी.

म्हणजे रायफल कितपत भरवशाची हे त्या जवानाच्या बोटांवर सोडलेलं होतं. कच्छच्या रणापासून सियाचीनच्या उंबऱ्यापर्यंत हवामान असलेल्या देशासाठी ही सोय सोन्यासारखी. एम-१४ मध्ये गॅसचं प्रमाण आपोआप राखलं जातं आणि जी-३ ला त्याची गरजच नाही. दोन्ही कल्पना हुशार आहेत. पण आपल्या काडतुसांची प्रत कारखान्यागणिक थोडी बदलणार, तेल कधी मिळणार कधी नाही, अशा परिस्थितीत जवानाच्या हाताने जुळवून घेणारी रायफल मला जास्त समजूतदार वाटते.

या सोयीला दुसरी बाजूही आहे. कडी नीट लावायला शिकवलं नाही, तर तीच रायफल अडते आणि दोष रायफलीवर येतो. १९५३-५४ च्या हिवाळ्यात अलास्कात अमेरिकनांनी एफएएल तपासली तेव्हा ती कडाक्याच्या थंडीत अडखळली होती. गॅसचं छिद्र मोठं केलं तर भाग तुटू लागले. इस्रायलनेही एफएएल वापरली आणि वाळवंटातल्या बारीक वाळूने तिला सतावलं. पुढे त्यांनी गॅलिल बनवली ती याच अनुभवातून. ब्रिटिशांनी वाळू बाहेर पडावी म्हणून बोल्ट कॅरिअरवर तिरप्या खाचा पाडल्या. कागदावर आराखडा एकच असला तरी तीन सैन्यांचे अनुभव तीन प्रकारचे आहेत.

परवाना, नमुने आणि पुणे

एफएन परवान्याच्या बाबतीत सोपी कंपनी नव्हती. पश्चिम जर्मनीने सुरुवातीला एफएएलच घेतली होती, जी-१ नावाने. स्वतःच्या देशात बनवायचा परवाना मिळाला नाही म्हणून ते जी-३ कडे वळले. भारताने वेगळी वाट धरली. बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने आणून ते सुटे केले, एकेक भाग मोजला आणि स्वतःचे नकाशे काढले. या कामात पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेचा, म्हणजे एआरडीईचा हात होता. नंतर एफएनने आक्षेप घेतला आणि त्यांच्याकडून आणखी रायफली विकत घेऊन ते प्रकरण तडजोडीने मिटवलं गेलं.

बेल्जियन आराखडा मिलिमीटरचा, ब्रिटिश इंचाचा. आपली रायफल दोन्हींच्या मधून वाट काढत तयार झाली, त्यामुळे तिचे सगळे भाग धड इकडे बसत नाहीत, धड तिकडे. लष्करी सामान साठवणाऱ्याला हे गैरसोयीचं. पण देशात बनणारी रायफल देशातल्याच सुट्या भागांवर चालणार असेल, तर ती गैरसोय सोसण्यासारखी होती. तिचं नाव पडलं १ए१, आणि सगळे म्हणू लागले एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल. ती आधी ईशापूरला आणि मग तिरुचिरापल्लीच्या नव्या कारखान्यात बनली.

ब्रिटिशांप्रमाणेच आपणही तिच्यातला सलग गोळ्या झाडण्याचा प्रकार काढून टाकला. चाप एकदा ओढला की एकच गोळी. सव्वाचार किलोच्या रायफलीतून पूर्ण ताकदीची काडतुसं सलग सुटू लागली तर तिसरी गोळी आभाळात जाते, हे ज्याने एकदा अनुभवलं त्याला या निर्णयाचं कारण सांगावं लागत नाही.

महाराष्ट्राचा संबंध इथे पुण्यापुरता नाही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाल्यावर नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण अजूनही म्हणतो. त्यांच्या काळात सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांवर नेण्याची आणि दहा डोंगरी डिव्हिजन उभारण्याची योजना आली. एवढ्या हातांना रायफली लागणार, आणि त्या रायफलींना काडतुसं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. भुसावळजवळ वरणगावला १९६४ मध्ये नवा कारखाना उभा राहिला, लहान हत्यारांच्या काडतुसांसाठी. जळगाव जिल्ह्यातल्या कित्येक घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली आहे.

अधल्यामधल्या काळाची रायफल

या प्रकरणात फारसा न बोलला जाणारा एक निर्णय आहे. एसएलआर पुरेशा संख्येने बनायला वर्षं लागणार होती. तोवर जवानांच्या हाती काय द्यायचं? ईशापूरने जुन्याच ली-एनफिल्डचा आराखडा घेतला, जास्त मजबूत पोलाद वापरलं आणि ती ७.६२ बाय ५१ च्या काडतुसावर बसवली. तिची नावं २ए आणि नंतर २ए१. मॅगझीन बारा गोळ्यांचं. २ए१ मध्ये मागच्या दर्शिकेचा, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचा पल्ला दोन हजारांवरून आठशे मीटरवर आणला, कारण दोन हजार मीटरवर रायफलीने कुणी नेम धरत नाही.

साठच्या दशकात नवी बोल्ट रायफल बनवणं हे मागे जाणं आहे असं कुणी म्हणेल. मला ते फार समंजस वाटतं. त्यामुळे काडतूस एकच राहिलं. ज्या कारागिरांचे हात एनफिल्डला सरावले होते ते कामावर राहिले. एसएलआर आली तशी २ए मागच्या फळीकडे आणि पोलिसांकडे सरकली.

मैदानात

१९७१ पर्यंत एसएलआर पायदळाची नेहमीची रायफल झाली होती. त्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर जमालपूरला पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीला आपल्या ब्रिगेडियर हरदित सिंग क्लेर यांनी शरणागतीचं पत्र पाठवलं. बलुच पलटणीच्या कमांडरने उत्तरासोबत ७.६२ मिमीची एक गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण वेढा फोडून ढाक्याकडे निघाली आणि पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, म्हणजे जंगी पलटणीच्या नाकाबंदीवर येऊन आदळली. अंधारात, जवळून, तासन् तास लढाई चालली. एकेका गोळीची शिस्त आणि वीस गोळ्यांचं मॅगझीन यांची कसोटी लागावी अशीच ती जागा होती. मराठ्यांची फळी फुटली नाही.

मग १९८७. श्रीलंकेत ऑपरेशन पवन. जाफनाच्या गल्ल्या, नारळी-पोफळीच्या बागा, घराघरातून पन्नास मीटरवरून होणारे हल्ले. एलटीटीईकडे एके-४७, आपल्याकडे मीटरभराहून लांब, एकेक गोळी झाडणारी एसएलआर. डोंगरात जे गुण होते तेच इथे अंगावर आले. सहाशे मीटरचा पल्ला त्या गल्लीत उपयोगाचा नव्हता. दारातून वळताना नळी चौकटीला लागायची. निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. काश्मीर आणि लडाख डोळ्यांसमोर ठेवून निवडलेली रायफल पंचवीस वर्षांनी जाफनात पाठवली गेली, आणि त्याची किंमत जवानांनी दिली. त्यानंतर सैन्याने तातडीने पूर्व युरोपातून एके विकत घेतल्या आणि पुण्यातच आराखडा झालेली ५.५६ मिमीची इन्सास एसएलआरच्या जागी आली.

इन्सासची गोळी हलकी. कारगिलच्या थंडीत तिची मॅगझीन तडकल्याच्या आणि अडकल्याच्या तक्रारी आल्या. शत्रू गोळी लागूनही उठतो ही तक्रार तर कायमची. फेब्रुवारी २०१९ मध्ये सैन्याने ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला आणि २०२४ मध्ये आणखी ७३,००० घेतल्या. त्यांचं काडतूस ७.६२ बाय ५१. म्हणजे १९६२ नंतर जे काडतूस ठरलं होतं, तेच सीमेवरच्या पायदळाकडे परत आलं.

सामान्य नागरिकाला आपल्याकडे अशी रायफल बाळगता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ती प्रतिबंधित आहे, आणि ते योग्यच आहे. एसएलआर मात्र अजून नजरेस पडते: राज्य राखीव पोलिसांच्या गाडीत, बँकेची रोकड नेताना, गडचिरोलीतल्या चकमकीनंतर जप्त केलेल्या हत्यारांच्या यादीत थ्री नॉट थ्रीच्या शेजारी.

ती जवळून बघायला मिळाली तर बटाकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाकडे लक्ष द्या. ब्रिटिश एल१ए१ पेक्षा आपल्या १ए१ चं लाकडी बट वेगळं आहे. त्याच्या तळाच्या धातूच्या पट्टीला एक छोटं झाकण असतं. अंगठ्याने दाबलं की ते उघडतं. आतल्या पोकळीत तेलाची बाटली आणि दोरीचा फुलतरू, नळी साफ करायला. ते झाकण, ती पट्टी आणि ती पोकळी थ्री नॉट थ्रीची आहे. नमुने मोजून नकाशे काढणाऱ्यांनी बाकी सगळं बेल्जियमचं आणि ब्रिटनचं घेतलं, आणि जवानाच्या तेलाची जागा मात्र जुन्या रायफलीत होती तिथेच ठेवली.